नाइटड्रेसवर शाळेत

जानेवारीतली सकाळ. सव्वाआठ वाजले तरी बाहेर धड उजाडलेलं नाही, आणि शाळेचा निरोप असा की आज मुलांना नाइटड्रेसवर पाठवा. मी तो डच मजकूर भाषांतराच्या ॲपमधून दोनदा काढून पाहिला. तरी धीर होईना, म्हणून चिरंजिवांच्या पायजम्याखाली साधी पँट चढवली. न जाणो, आपलंच एकटं ध्यान दिसायचं! आम्ही नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनला नवे होतो, पोरगा जेमतेम पाच वर्षांचा. फाटकाशी पोचलो तर अख्खी शाळा पायजम्यात. कुणाच्या काखेत टेडी, कुणाच्या पायात लोकरी सपाता, आणि वर्गाच्या बाई चक्क गाऊन घालून दारात उभ्या.

ही त्यांची वाचन-न्याहारी. जानेवारीच्या अखेरीस सहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी देशभर वाचनाचे दहाएक दिवस साजरे होतात, त्यांची सुरुवात अशी होते. मुलं ब्रेड खात बसतात आणि कुणीतरी मोठं माणूस त्यांना पुस्तक वाचून दाखवतं. कुठे कुठे महापौरही येतात. गंमत म्हणजे त्या वयात यातल्या बहुतेक मुलांना अक्षरओळखही नसते. इथे रीतसर वाचायला शिकवतात ते सहाव्या वर्षाच्या आसपास. तेव्हा पुण्यातला भाचा फाडफाड स्पेलिंगं म्हणून दाखवायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

बाईंना मी विचारलंही, घरी काय करून घेऊ? त्या म्हणाल्या, करून काही घेऊ नका, रोज वाचून दाखवा. म्हणजे अभ्यास त्याला नव्हताच, मला होता!

आमच्या लहानपणी शाळेत याला ‘अवांतर वाचन’ म्हणत. अवांतर, म्हणजे मूळ कामाच्या बाहेरचं. भूगोलाच्या पुस्तकात चांदोबा लपवून वाचताना मी दोनदा मार खाल्लाय. त्यामुळे पुस्तक म्हटलं की एक तर अभ्यास, नाही तर चोरी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे बाळ जन्मलं की काही महिन्यांत पालकांना पत्र येतं. ते घेऊन वाचनालयात गेलं की बाळाला सभासदत्व आणि छोटीशी सुटकेस मिळते, आत चावता येतील अशी पुस्तकं. शेजारणीच्या सहा महिन्यांच्या लेकीने त्यातलं एक कोपऱ्यावरून पुरतं चघळलंय. वाचनालयात मुलांना वर्गणी नाही. ऑक्टोबरात बालपुस्तकांचा आठवडा असतो, 1955 पासून चालत आलेला. त्यात ठरावीक रकमेची बालपुस्तकं घेतली की त्या वर्षासाठी मुद्दाम लिहून घेतलेलं एक पुस्तक फुकट. साडीवर फॉल-पिको फुकट असतं ना, तसं.

वाचनालयात माझी खरी परीक्षा झाली. पुस्तकांची चळत यंत्रावर ठेवली की सगळी एकदम मोजली जातात. चिरंजिवांची अकरा निघाली : सात ट्रॅक्टरची, चार डोनाल्ड डकची. (हे बदक इथे 1952 पासून दर आठवड्याला घरोघरी येतं, आजोबा लोकही वाचतात.) मी हळूच दोन काढून एक ‘चांगलं’ पुस्तक सरकवलं. काउंटरवरच्या बाईंनी ते पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, “हे तुम्हाला वाचायचंय का? मग तुमच्या कार्डावर घ्या.” निमूटपणे घेतलं. बरं होतं, पण सांगते कशाला.

हे सगळं असूनही इथली मुलं पुस्तकांत बुडालेली आहेत, असं समजू नका. 2018 च्या ‘पिसा’ या देशोदेशींच्या शाळकरी मुलांच्या चाचणीत इथल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण 485 होते, 2022 मध्ये ते 459 वर आले. जवळपास एक तृतीयांश मुलं किमान पातळीच्याही खाली. पालकसभेत हा विषय निघतोच. माझं मत विचाराल तर लहानपणी मांडीवर बसवून वाचणारे आईबाप पोरगं स्वतः वाचायला लागलं की सुटलो म्हणून पुस्तक ठेवून देतात, आणि मोबाइल ती जागा घ्यायला टपलेलाच असतो. म्हणून आता आमचे चिरंजीव सात वर्षांचे असले तरी मी थांबलेले नाही. झोपताना बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक टॅबवर उघडते, 1971 पासूनचे फुकट वाचायला मिळतात. त्याने स्वतः मराठी वाचायचं म्हटलं की गाडी अजून ‘ण’पाशी अडते. ऐकायला मात्र तयार.

रविवारी नाशिकला व्हिडिओ कॉल असतो. परवा त्याने आजीला अख्खं डच पुस्तक वाचून दाखवलं. एका उंदराची गोष्ट, एकही शब्द तिच्या ओळखीचा नाही. प्रत्येक पान झालं की पठ्ठ्या चित्र कॅमेऱ्याला चिकटवायचा, बऱ्याचदा उलटं. आजी मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, “हं, मग?”

काल तिचा फोन आला, माझ्यासाठी नव्हता. “अरे, त्या उंदराला त्याची टोपी सापडली का रे शेवटी?”