तुम्ही विचारलंत म्हणून : ॲब्लेशन केलं की गोळी सुटेल का?

हृदयाच्या झडपेचा आजार आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके, असं दुहेरी दुखणं असलेले पेशंट मला हमखास विचारतात, “डॉक्टर, ॲब्लेशन करून टाकू या का? म्हणजे रक्त पातळ करायची गोळी तरी सुटेल.” मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बऱ्यापैकी आकसलेली असेल किंवा मेटलची बसवलेली असेल, तर गोळी सुटत नाही. ठोके घड्याळासारखे नियमित झाले तरीही नाही.

ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर नेतात, कप्प्यांमधला पडदा छेदून डाव्या वरच्या कप्प्यात शिरतात आणि फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देऊन कडं करतात. बेताल ठोक्यांची ठिणगी बहुतेकदा तिथेच पडते, हे 1998 मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. पण रुमॅटिक तापाने झडप आकसली असेल, तर तो कप्पा वर्षानुवर्षं दाबाखाली ताणला गेलेला असतो, भिंतीत जागोजाग व्रण झालेले असतात. ठिणगी विझवली तरी सरपण आतच! म्हणून माझा कल स्पष्ट आहे : आधी झडप. बलूनने उघडता आली तर उत्तम. छाती उघडून ऑपरेशन करावंच लागणार असेल, तर सर्जनशी त्याच बैठकीत मेझ (कप्प्यात ठरावीक रेषांवर व्रण करून बेताल विद्युत-लहरींच्या वाटा अडवणारी शस्त्रक्रिया) करण्याबद्दल बोला.

गळक्या झडपेची गोष्ट निराळी, आणि मला तरी जास्त रंजक वाटते. कधी गळतीमुळे कप्पा फुगून फिब्रिलेशन येतं, तर कधी फिब्रिलेशनमुळे कप्पा फुगतो, झडपेची कडा ताणली जाते आणि पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या प्रकारात ॲब्लेशनने ताल परत आला की गळती कमी झालेली दिसू शकते. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाकळ्या स्वतः धडधाकट आहेत का, हे मी म्हणूनच आधी बघतो.

ॲब्लेशन करताना मेटलच्या मायट्रल झडपेत कॅथेटरचं टोक अडकू शकतं, तेव्हा हात सरावाचाच हवा.

राहिली गोळी. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी; तिच्यासोबत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, वारंवार करावी लागते. “वॉरफरिनऐवजी नवी गोळी द्या, आयएनआरची कटकट नको,” हेही ओघाने येतंच. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत रुमॅटिक झडप आणि फिब्रिलेशन असलेल्यांमध्ये रिव्हारोक्सॅबन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या गटातल्या औषधांवर मृत्यू कमी झाले. तेव्हा अशा पेशंटना मी वॉरफरिनच लिहून देतो, आणि आयएनआर 2 ते 3 मध्ये राहतो का ते तपासत राहतो.