बेलिफचं पत्र आलं तर आधी दंड कुणी लावला ते बघा

आपल्या इथल्या, इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी बेलिफचं, म्हणजे थकलेला दंड वसूल करायला दारात येणाऱ्या माणसाचं, नाव काढलं की लगेच उत्तर येतं, "दार उघडू नका, ते आत येऊ शकत नाहीत." कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) पार्किंग दंडासाठी पहिल्यांदा दारात आले असतील तर हे खरं आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या, म्हणजे खालच्या फौजदारी कोर्टाच्या, दंडाला मात्र हा सल्ला लावू नका. त्या दंडासाठी वेळ पडल्यास बळ वापरून घरात शिरायची मुभा इंग्लंड-वेल्सचा कायदा देतो.

माझा भाचा रेडिंगहून लेस्टरला गेला तेव्हा लायसन्सवरचा पत्ता बदलला, गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) राहिला. वेगमर्यादेची नोटीस जुन्या घरी गेली. गाडी कोण चालवत होतं हे २८ दिवसांत कळवायचं असतं. न कळवणं हा वेगळा गुन्हा, त्याचे लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. पुढचे कागदही जुन्याच पत्त्यावर. २०१५ पासून असे खटले एकटा मॅजिस्ट्रेट कागद बघून निकालात काढतो, समोर कुणी नसतं. मला ही पद्धत मुळीच पटत नाही. खटला आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो परस्पर गुन्हेगार ठरतो.

भाचाही न कळवल्याबद्दल असाच दोषी ठरला, दंड थकला. बेलिफचं पत्र मात्र बरोबर नव्या घरी आलं. "मावशी, गाडी नेतील गं, मी भरून मोकळा होतो." मी म्हटलं, थांब. भरलेस तर पैशांचं मिटेल, पण गुन्हा आणि पॉइंट तसेच राहतील, विमाही महागेल.

खटल्याची खबरच नव्हती, असं असेल तर 'स्टॅट्युटरी डिक्लरेशन' करता येतं. कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टात किंवा सॉलिसिटरसमोर शपथेवर तसं सांगायचं. उशीर झाला तरी सबळ कारण असेल तर कोर्ट ऐकू शकतं. ते मान्य झालं की निकाल रद्द, दंड रद्द, खटला पहिल्यापासून. खोटी शपथ हा गुन्हा आहे, तेव्हा खरोखर माहीत नसेल तरच या वाटेला जा.

त्याच दिवशी बेलिफ कंपनीलाही ईमेल केला, की कोर्टाकडे अर्ज करतोय, तोवर वसुली थांबवा. हे तातडीने करायचं, कारण खर्च चढत जातो: २०१४ च्या नियमांनी पत्राचे ७५ पौंड, दारात आले की आणखी २३५, सामान विक्रीला नेलं तर ११० ठरवले. गाडी घराबाहेर रस्त्यावर असली तरी जॅमर लागू शकतो.

भाच्याचं डिक्लरेशन कोर्टाने स्वीकारलं. आता आरोपाला तो स्वतः उभा राहून उत्तर देईल, आणि तेच योग्य आहे.

दंड खरोखर तुमचाच असेल आणि एकरकमी झेपत नसेल, तर बेलिफला वसुलीचं वॉरंट निघायच्या आत कोर्टाच्या फाइन्स ऑफिसरकडे हप्ते मागा. नॅशनल डेटलाइन या कर्जसल्ला संस्थेचा सल्ला फुकट मिळतो. आणि घर बदललं असेल तर डीव्हीएलएला (इथल्या आरटीओला) लायसन्सचा पत्ता वेगळा आणि गाडीचा वेगळा कळवावा लागतो.