चालत्या सर्व्हरवर ३२ बिटचं डेबियन ६४ बिट करताना

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, आली आणि आय३८६ साठी, म्हणजे ३२ बिटच्या पीसी प्रोसेसरांसाठी, अधिकृत कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर मिळणं बंद झालं. मी सांभाळतो त्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर तेव्हा ३२ बिटचंच डेबियन १२ होतं. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा. त्याच्या माहितीत 'एलएम' हा ६४ बिटची क्षमता दाखवणारा फ्लॅग स्वच्छ दिसत होता, त्यामुळे नवं मशीन घ्यायचं कारण नव्हतं.

डेबियनच्या रिलीज नोट्स म्हणतात, शक्यतो नव्याने इन्स्टॉल करा; जागच्या जागी क्रॉसग्रेड (आहे तीच सिस्टिम ३२ वरून ६४ बिटवर नेणं) करता येतं, पण ते जोखमीचं आहे. तरीही मी क्रॉसग्रेडच केलं. वर्षानुवर्षं साठत गेलेल्या सेटिंग्ज आणि क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं पुन्हा उभी करणं मला जास्त धोक्याचं वाटलं. शिवाय मशीन बूट झालं नाही तरी हाती राहील असा रिमोट कन्सोल होता. तो नसता तर मी या वाटेला गेलो नसतो.

पहिलं काम डेटाचं, आणि ते ३२ बिटचे प्रोग्रॅम जिवंत असतानाच उरकायला हवं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डेटा फोल्डरमधल्या फाइल्स आर्किटेक्चरला, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकाराला, बांधलेल्या असतात. आय३८६ लिनक्सवर माहितीची मांडणी ४ बाइटच्या हद्दीवर होते, एएमडी६४ वर, म्हणजे ६४ बिटवर, ८ च्या. ६४ बिटचा पोस्टग्रेस ती जुनी फोल्डर उघडतच नाही, सुरू होतानाच नकार देतो. म्हणून सगळ्या डेटाबेसचा मजकुरी डंप (साध्या मजकुरातली पूर्ण प्रत) काढला आणि दुसऱ्या मशीनवर तो पूर्ण भरून पाहिला. नेटवर्कचे आलेख ठेवणाऱ्या आरआरडी फाइल्सचंही तेच. त्या एक्सएमएलमध्ये उतरवून घेतल्या. नुसती फाइल-कॉपी हाच बॅकअप मानणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते.

पुढचा भाग मल्टीआर्चमुळे, म्हणजे एकाच सिस्टिमवर दोन आर्किटेक्चरची पॅकेजेस ठेवण्याच्या सोयीमुळे, सुसह्य झाला. एएमडी६४ हे जादा आर्किटेक्चर म्हणून जोडलं, ६४ बिटचा कर्नल टाकला आणि रीबूट केलं. ६४ बिटच्या कर्नलवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे इथवर रीबूटची वेळ सोडता वाचकांच्या सेवेत खंड पडला नाही.

खरी कसोटी डीपीकेजी, म्हणजे पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम, बदलताना. आपलं मूळ आर्किटेक्चर कोणतं हे सिस्टिम डीपीकेजीच्याच पॅकेजवरून ठरवते. तो, फाइल्सचे गठ्ठे सोडवणारा टार आणि पॅकेजेस उतरवून आणणारा अ‍ॅप्ट यांच्या एएमडी६४ आवृत्त्या अवलंबनांसकट (त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजेससकट) आधी उतरवून ठेवल्या आणि एकदम बसवल्या. त्या क्षणापासून अ‍ॅप्टच्या नजरेत बाकी सगळी सिस्टिम परकी ठरते. तुटलेल्या अवलंबनांची लांबलचक यादी येते आणि अत्यावश्यक पॅकेजेस काढायची परवानगी मागितली जाते. इथे घाई नको. काढल्या जाणाऱ्या प्रत्येक पॅकेजची ६४ बिटची जोडी त्याच फेरीत येते आहे का, हे मी ओळ न् ओळ तपासलं. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेकडे विशेष लक्ष ठेवलं, कारण पॅकेजेसच्या कित्येक स्क्रिप्ट्स त्याच्यावरच चालतात. लायब्ररींवर अवलंबून नसलेला स्टॅटिक बिझीबॉक्स (मूलभूत कमांड्सचा एकत्र संच) आधीच टाकून ठेवला होता आणि रूटची दोन सेशन्स शेवटपर्यंत उघडी होती.

मग उरलेली पॅकेजेस गटागटाने बदलली, इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइल-सिस्टिम) नव्याने तयार करून रीबूट केलं. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुन्हा बांधाव्या लागल्या, कारण त्यांतली कंपाइल केलेली मॉड्यूल्स ३२ बिटची होती. पोस्टग्रेसचं नवं क्लस्टर बनवून डंप भरला. सदस्य, पुस्तकं आणि देवघेवीच्या नोंदींची संख्या आधीच्या आकड्यांशी जुळवली. त्यानंतरच आय३८६ ची उरलीसुरली पॅकेजेस काढली.

ट्रिक्सीवर मी यानंतर गेलो, नेहमीच्या अपग्रेडने. त्यात एएमडी६४ वर वेळेचा आकडा ६४ बिटचा आहेच, त्यामुळे ३२ बिटचा वेळेचा आकडा जिथे संपतो त्या १९ जानेवारी २०३८ च्या पुढच्या तारखांची चिंता सिस्टिमच्या पातळीवर मिटली. आता सदस्यत्वाच्या मुदती नोंदवणाऱ्या आमच्या जुन्या स्क्रिप्ट्स त्या तारखेपलीकडे नीट चालतात का, हे तपासायला घेतलं आहे.