चार माईकमध्ये घरचा ड्रम सेट: माझा अनुभव

खोली दहा बाय बारा फुटांची, खाली टाइल्स, साडेनऊ फुटांवर स्लॅब आणि त्यात पाच ड्रमचा सेट. माईक चार: ओव्हरहेडसाठी, म्हणजे सेटच्या वरून सगळं ऐकायला, बेरिंगर सी-टू ही छोट्या कंडेन्सर माईकची जोडी, स्नेअरला (खाली तारा असलेला ड्रम) शुअर एसएम ५७ आणि किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गाण्यासाठी वापरतात तोच एसएम ५८. माईक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस बेरिंगरचाच यूएमसी ४०४ एचडी, कारण स्वस्तात चार माईक इनपुट हवे होते. एवढ्यात गाण्याखाली नीट बसणारा ड्रम ट्रॅक निघतो. मात्र वेळ जातो तो ट्यूनिंग आणि अंतरं जुळवण्यात, माईकच्या किमतीने तिथे फारसा फरक पडत नाही.

उरलेल्या तीन ड्रमना, म्हणजे टॉमना, वेगळे माईक नसल्यामुळे ओव्हरहेडमध्ये येईल तोच टॉमचा आवाज. म्हणून रेकॉर्डिंगआधी स्नेअर आणि टॉमच्या वरच्या बाजूला नवे कोटेड हेड (खरखरीत लेपाचा ड्रमचा पडदा) चढवतो. प्रत्येक लगपासून (हेड ताणणाऱ्या स्क्रूची जागा) बोटभर आत टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येईपर्यंत किल्ली फिरवायची. खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं ताणलेलं ठेवायचं. टॉम वाजवल्यावर स्नेअरच्या तारा सळसळत असतील तर टॉमचा सूर जरा वरखाली करून बघावा. तारा सैल करून टाकल्या की स्नेअरच बोथट होतो. सूर लांबत असेल तर टिश्यू पेपरची छोटी घडी मास्किंग टेपने कडेला चिकटवली की पुरते. पेडलच्या स्प्रिंगला तेल द्यायला विसरू नका, कुरकुर प्रत्येक माईकमध्ये येते.

सेट खोलीच्या बरोबर मध्यावर मांडू नये. बारा फूट लांबीचा पहिला रूम मोड (खोलीच्या भिंतींमध्ये घुमणारा सूर) साधारण ४७ हर्ट्झला पडतो आणि त्याचा दाब मध्यावर शून्याजवळ असतो, त्यामुळे तिथे खालचे सूर रोडावतात. मी सेट लांबीच्या एक-तृतीयांशावर ठेवतो, खाली जाड सतरंजी, ड्रमरच्या मागच्या भिंतीला उभी कापसाची गादी आणि बाजूला स्टँडवर दोन गोधड्या. गोधडी भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर जास्त उपयोगी पडते. पंखा बंद. स्वयंपाकघरात कुकर लागणार असेल तर टेक (रेकॉर्डिंगचा एक प्रयत्न) आधी उरकावा.

आता ओव्हरहेड. इंग्लिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी प्रसिद्ध आहे, पण तिच्यात माईक स्नेअरपासून मीटरभर किंवा त्याहून जास्त लांब असतात. एवढ्या बुटक्या खोलीत मला रेकॉर्डरमन म्हणतात ती मांडणी बरी वाटते. पहिला माईक स्नेअरच्या मध्याच्या थेट वर, दोन काठ्यांच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ८१ सेंमी. स्नेअर जमिनीपासून ६५ सेंमीवर असेल तर स्लॅबवरून परतलेला आवाज थेट आवाजापेक्षा जवळपास १३ डेसिबलने मंद पडतो. माईक ११० सेंमीवर नेला तर हाच फरक १० वर येतो आणि खोलीचा डबा, म्हणजे डब्यात वाजल्यासारखा आवाज, ऐकू येऊ लागतो.

दुसरा माईक ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या वर, स्नेअरकडे तोंड करून. त्याची जागा सुतळीने ठरते. नायलॉनची दोरी ताणली जाते, ती नको. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर, दुसरं बीटरच्या (किकवर आदळणारा पेडलचा गोळा) बरोबर वर किकच्या रिंगवर टेपने चिकटवायचं. सुतळी वर उचलून पहिल्या माईकच्या तोंडाला लावायची, दोन्ही बाजू ताठ झाल्या की त्या बिंदूवर खूण. मग टोकं न हलवता तीच खूण उजव्या खांद्याकडे न्यायची. दोन्ही बाजू पुन्हा जिथे ताठ होतील तिथे दुसरा माईक. असं केलं की स्नेअरचा आवाज दोन्ही ओव्हरहेडमध्ये एकाच वेळी पोहोचतो, आणि किकचाही. नुसत्या अंदाजाने १७ सेंमीचा फरक पडला तरी अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर होतो, आणि मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही माईक एकत्र मिसळून ऐकताना, १ किलोहर्ट्झच्या आसपास स्नेअर पोकळ होतो.

किकमध्ये उशी हेडला जेमतेम टेकेल अशी, आणि एसएम ५८ पुढच्या हेडच्या भोकातून चार-पाच सेंमी आत, बीटरच्या रेषेपासून जरा बाजूला. स्नेअरचा माईक रिंगच्या तीन-चार सेंमी वर, रोख मध्याकडे आणि पाठ हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी). हा माईक मागून सर्वांत कमी ऐकतो.

कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात. ते या इंटरफेसवर चारही इनपुटना एकदम जातात, पण चांगल्या एक्सएलआर केबलवर डायनॅमिक माईकचं, म्हणजे एसएम ५७ आणि ५८ चं, त्याने काही बिघडत नाही. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ड्रमरला गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवायला लावून शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतो (शून्याला आवाज फाटतो), कारण प्रत्यक्ष टेकमध्ये तो हमखास आणखी जोरात वाजवतो. गेन अगदी कमी करूनही लाल दिवा लागला तर पॅड (माईकचा आवाज आधीच कमी करणारं बटण) दाबावा. क्रॅश (मोठी झांज) जरा उंच बांधायला आणि हाय-हॅट हलक्या हाताने वाजवायला आधीच सांगून ठेवतो. ओव्हरहेडमध्ये वर आलेला हाय-हॅट नंतर कुठल्याच फेडरने खाली जात नाही.

टेक सुरू करण्याआधी फेज, म्हणजे वेगवेगळ्या माईकमधल्या लहरी जुळतात की एकमेकींना खोडतात, ते तपासायचं. आधी दोन्ही ओव्हरहेड मोनोत ऐकायचे, मग किक जोडून तिची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटसुलट करून ज्या बाजूला खालचा आवाज भरदार होतो ती ठेवायची. स्नेअरचंही तसंच. स्नेअरचा आवाज जवळच्या माईकमध्ये ओव्हरहेडच्या सुमारे २.२ मिलिसेकंद आधी येतो, म्हणजे सुमारे १०६ सॅम्पल. स्नेअरचा ट्रॅक तेवढा उशिरा सरकवून बघता येतो, पण मी बहुतेकदा सरकवत नाही. त्या छोट्या अंतरामुळे ठोक्याला धार राहते.

मिक्समध्ये ओव्हरहेडवर हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) ४० हर्ट्झच्या वर नेत नाही. २०० हर्ट्झवर कापायचा जो सल्ला दिला जातो तो टॉमला स्वतंत्र माईक असणाऱ्यांसाठी आहे. इथे फ्लोअर टॉमच गायब होईल. डबा वाजत असेल तर ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये तीनेक डेसिबल कमी करतो. एसएम ५८ खाली तोकडा पडतो म्हणून किकला ६० ते ७० हर्ट्झवर चार-पाच डेसिबल वर, ३५० ला खाली, आणि बीटरची टकटक हवी असेल तर साडेतीन किलोहर्ट्झला थोडी वाढ. त्यावर सगळ्यांची एक प्रत जोरदार कॉम्प्रेस करून (मोठा-लहान आवाज जवळजवळ सारखा करून) खालच्या पातळीवर मिसळतो.

दोनच इनपुट असतील तर किक आणि एक ओव्हरहेड. हा एकटा माईक ड्रमरच्या उजव्या खांद्याशी, स्नेअर आणि किक यांच्या मधल्या जागेकडे रोखलेला. स्टिरिओ मिळत नाही, पण फेजची कटकट बरीच कमी होते.