न्यूयॉर्कची टीम न्यूयॉर्कमध्ये खेळत नाही! ईस्ट कोस्टला एनएफएल बघायला जाणार असाल तर आधी हे वाचा

ट्रॅव्हलचे व्हिडिओ बनवणारे लोक अगदी बिनधास्त सांगतात की न्यूयॉर्क, बोस्टन, वॉशिंग्टन फिरताय ना, मग प्रत्येक शहरात एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, एकेक मॅच टाकून द्या, स्टेडियम तिथेच आहे. साफ खोटं. या तिन्ही ठिकाणी स्टेडियम शहराच्या हद्दीत नाहीये आणि दोन ठिकाणी तर राज्यच वेगळं आहे. आम्ही या सीझनला जाऊन आलो, बायको, मी आणि न्यू जर्सीत एडिसनला राहणारा मावसभाऊ, आणि अजूनही त्या बोस्टनजवळच्या फॉक्सबरोच्या पार्किंगवाल्याचा राग गेलेला नाही, त्यामुळे लिहितोय.

आधी वाटणी समजून घ्या, कारण प्लॅनिंगचा सगळा घोळ तिथेच होतो. टीम 32, पण 50 पैकी फक्त 23 राज्यांत. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात तीन-तीन, टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, न्यू जर्सीत दोन-दोन, बाकी सोळा राज्यांत एकेक. उरलेल्या 27 राज्यांत शून्य. आपल्यासारखं राज्य तिथे टीम असा हिशोब तिथे नाहीच, टीम ही मालकाची फ्रँचायझी असते, लीग ठरवेल तेवढ्याच टीम, शेवटची नवीन टीम ह्यूस्टनला 2002 मध्ये आली आणि त्यानंतर एकही नाही. मग ज्या राज्याला टीम हवी ते दुसऱ्याची पळवतं. 32 पैकी 24 मालकांनी हो म्हटलं की टीम हलू शकते. नेवाडाने लास वेगासच्या स्टेडियमसाठी हॉटेल टॅक्समधून 750 मिलियन डॉलर घातले आणि 2020 ला ओकलंडचे रेडर्स तिकडे गेले. लॉस एंजेलिससारख्या शहरात 1995 पासून वीसएक वर्षं टीमच नव्हती, आणि विस्कॉन्सिनचं ग्रीन बे, जेमतेम एक लाख वस्तीचं गाव, तिथे पॅकर्स आहेत, कारण टीम कोणा एका मालकाची नाही, साध्या चाहत्यांच्या शेअर्सवर चालते आणि टीव्हीचे पैसे सगळ्या टीमना सारखे वाटले जातात. हे मला फार भारी वाटतं, खरंच. पण ग्रीन बेला आम्ही गेलो नाही, त्यामुळे तिथलं काही विचारू नका.

आता न्यूयॉर्क. जायंट्स आणि जेट्स, दोघांच्या नावात न्यूयॉर्क, दोघंही खेळतात न्यू जर्सीच्या ईस्ट रदरफर्डला, एकाच स्टेडियममध्ये. जायंट्स तर 1976 पासून जर्सीत आहेत. त्यामुळे मॅचसाठी म्हणून मॅनहॅटनमध्ये महागडं हॉटेल घेऊ नका, काहीही गरज नाही. एडिसन, इझलिनकडे आपलं कोणी ना कोणी असतंच, तिथून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची ट्रेन पकडायची, सिकॉकस जंक्शनला उतरायचं आणि मेडोलँड्सची ट्रेन घ्यायची, पुढे दहा मिनिटं. ती ट्रेन फक्त इव्हेंटच्या दिवशी असते, एरवी मॅपवर शोधू नका. दोन टीम एका स्टेडियममध्ये असल्यामुळे सप्टेंबर ते जानेवारीची सुरुवात जवळजवळ प्रत्येक आठवड्याला तिथे काही ना काही असतं, तारखा जुळवायला ही सगळ्यात सोपी जागा. परत येताना स्टेशनवर मोठी रांग लागते. शेवटची पाच मिनिटं सोडायची तयारी असेल तर लवकर निघा, नाहीतर अर्धा तास आतच बसून राहा, मधलं काही करू नका.

न्यूयॉर्क राज्यात खरोखर खेळणारी टीम एकच, बफेलो बिल्स, आणि ते एडिसनहून सहाशे किलोमीटर, कॅनडाच्या बॉर्डरजवळ. तेही बफेलोत नाही, ऑर्चर्ड पार्क नावाच्या गावात.

फिलाडेल्फिया एकदम सोपं, ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या दक्षिणेकडच्या शेवटच्या स्टेशनला उतरा, समोर स्टेडियम. बाल्टिमोरही तसंच, हार्बरवरून चालत जाता येतं. विषय संपला.

आता फॉक्सबरो. इथे टीमचं नाव न्यू इंग्लंड पेट्रियट्स, म्हणजे सहा राज्यांत मिळून ही एकच टीम. आधी बोस्टन पेट्रियट्स होती, 1971 ला फॉक्सबरोला गेली तेव्हा नाव बदललं. स्टेडियम बोस्टनपासून 35 किलोमीटर, रोड आयलंडच्या प्रॉव्हिडन्सपासून 32, म्हणजे दोन राजधान्यांच्या मधोमध. 2026 च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी तर याच जागेला 'बोस्टन स्टेडियम' नाव दिलंय, म्हणजे अजून लोक फसणार. गहुंज्याला पुण्याचं स्टेडियम म्हणतात ना, तसं, पण इथे दाराशी एक्सप्रेसवे नाही, रूट वन नावाचा एकच रस्ता.

आम्ही जर्सीहून गाडी घेऊन गेलो. रूट वनला लागल्यापासून दोन्ही बाजूंना खाजगी पार्किंगचे बोर्ड, दुकानांची आवारं, गॅरेज, सगळीकडे. एका आवारावर पुठ्ठ्यावर मार्करने 60 डॉलर लिहिलेलं, आत वळलो. पिवळं जॅकेट घातलेला माणूस काचेशी आला आणि म्हणाला 60 मागच्या रांगेला, तुमच्या पुढे-मागे गाड्या लागणार, शेवटची गाडी निघेपर्यंत अडकाल, 'ईझी एक्झिट' हवी तर 100, कॅश. मागे गाड्यांची रांग, हॉर्न चालू, मावसभावाने काढून दिले. पावती नाही. मॅच संपल्यावर धावत गाडीपाशी आलो तर ईझी एक्झिट म्हणजे काय, आमच्या पुढे गाडी नव्हती एवढंच. आवाराचं तोंड त्याच रूट वनवर, पोलिसांनी वळणं बंद केलेली, सगळे लॉट त्याच एका रस्त्यावर ओतले जात होते. साठवाले आणि शंभरवाले सोबतच दोन तास उभे. हीटर चालू ठेवून, पेट्रोलचा काटा बघत. पिवळं जॅकेट तोपर्यंत गायब.

त्यामुळे ठाम सांगतो, फॉक्सबरोला गाडीने जाऊ नका. कितीही चांगला ड्रायव्हर असो. बोस्टनच्या साउथ स्टेशनवरून आणि प्रॉव्हिडन्सवरूनही मॅचच्या दिवशी स्पेशल ट्रेन असते, एरवीच्या मॅचला रिटर्न 20 डॉलर तिकीट, स्टेडियमच्या दारात सोडते आणि मॅच संपल्यावर अर्ध्या तासाने परत निघते. तिकीट आधी ॲपवर काढायचं, ते संपतं. गाडी बोस्टनमध्ये किंवा प्रॉव्हिडन्समध्ये लावा आणि तिथून ट्रेनने जा. गाडी न्यावीच लागली तर पार्किंग ऑनलाइन बुक करून ठेवा आणि ईझी एक्झिट म्हणणाऱ्याला विचारा की तुझा गेट कुठल्या रस्त्यावर उघडतो. रूट वन म्हणाला तर एक डॉलरही जास्त देऊ नका.

वॉशिंग्टनची टीम, कमांडर्स, 1997 पासून मेरीलँडच्या लँडोव्हरला खेळते, ऑफिस आणि प्रॅक्टिस व्हर्जिनियात ॲशबर्नला, आणि नाव राजधानीचं. एवढं मोठं व्हर्जिनिया, तिथे स्टेडियम एकही नाही, शेजारच्या छोट्या मेरीलँडमध्ये दोन. ॲशबर्न, हर्नडनकडे आपली भरपूर मंडळी आहेत, त्यांच्याकडे उतरलात तर सिल्व्हर लाइन मेट्रो थेट स्टेडियमजवळच्या मॉर्गन बुलेव्हार्ड स्टेशनला जाते, फक्त डाउनटाउन लार्गोची गाडी बघून बसा, काही गाड्या दुसरीकडे फुटतात. दीड तास तरी धरा. पुढे दीड-पावणेदोन किलोमीटर चाल आहे, ती काही विशेष नाही, बूट धड असले की झालं. कॅब करू नका, मॅचनंतर रेट बघून डोकं फिरतं. 2030 मध्ये हे लोक परत डीसीत, जुन्या आरएफके स्टेडियमच्या जागेवर जायचं ठरलंय, मग सगळंच सोपं होईल.

बॅगेबद्दल एकदाच सांगतो, सगळ्या स्टेडियमना सारखं आहे. पारदर्शक बॅगच चालते, 12 बाय 6 बाय 12 इंचापर्यंत, नाहीतर तळहाताएवढी छोटी पर्स, साडेचार बाय साडेसहा इंच. बायकोची पर्स बोटभर मोठी निघाली तर गेटवरच्या बाईने सरळ मागे पाठवलं, आणि बाहेर एक जण ट्रॉलीवर बॅग ठेवायचे 25 डॉलर घेत उभाच होता. घरूनच झिपवाली पारदर्शक पिशवी न्या, भारतात शे-दोनशेला मिळते.

तिकिटं फक्त मोबाइलवर, आणि गेटपाशी नेटवर्क जाम असतं, म्हणून घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. टीम हरत असेल तर रीसेलचे भाव आदल्या दिवशी बरेचदा उतरतात, घाई करू नका. डिसेंबरची संध्याकाळची मॅच असेल तर स्टँड उघडे असतात, खालच्या सिमेंटने पाय गारठतात, जाड पुठ्ठा पायाखाली घ्यायला न्या. शेजारच्या पेट्रियट्सवाल्या आजोबांनी आम्हाला त्यांच्यातला अर्धा फाडून दिला म्हणून शेवटचा क्वार्टर बघता आला.