चादरीची नक्षी, सहा कॉम्प्युटर आणि सातवीचा वर्ग

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. सकाळी वर्गाची खिडकी उघडली की मागांचा खडखडाट आत येतो तो दिवसभर थांबत नाही. माझ्या सातवीत ४१ मुलं, निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळते असं बऱ्याच घरांत. लॅबमध्ये कॉम्प्युटर नऊ, त्यातले चालू सहा. नेट कधी असतं कधी नसतं आणि एप्रिलमध्ये लाईट गेली की त्या खोलीत पाच मिनिटंही बसवत नाही.

मी दोन वर्षं प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवले. मुलं एकदम शांत बसायची, मला वाटायचं छान चाललंय, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की काहीच नाही, कारण ती टीव्ही बघतात तसं बघत होती. मग प्लिकर्स नावाचं ॲप वापरून बघितलं आणि ते मात्र खरंच आवडलं. मुलांकडं फोन लागत नाही, प्रत्येकाला एक छापलेलं कार्ड द्यायचं, कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए बी सी डी, जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची आणि मी माझ्या फोनच्या कॅमेऱ्यानं सगळा वर्ग एकदम स्कॅन करते. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी त्यामुळं शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. वर्षभरात तोंड न उघडलेली दोन मुलं, मराठीत चुकू या भीतीनं गप्प बसणारी, त्यांची उत्तरं बरोबर येताना मी पहिल्यांदा बघितली. त्या दिवशी मला स्वतःचा राग आला, इतके दिवस मी त्यांना कच्चं समजत होते.

पण तरी ते प्रश्नाचं उत्तर देणंच झालं. पोरांनी स्वतः काहीतरी बनवावं असं मला सारखं वाटत होतं.

आपल्या जिल्ह्यात शिकवण्यात तंत्रज्ञान वापरायचा विषय निघाला की डिसले गुरुजींचं नाव येतंच, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले, १० लाख डॉलर आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या यादीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटली. मला मात्र बक्षिसापेक्षा त्यांचा पुस्तकातला क्यूआर कोड, म्हणजे फोननं स्कॅन केला की धडा ऐकायला-बघायला मिळतो तो, जास्त मोठा वाटतो. हातातलं पुस्तक आणि घरातला फोन, जे आहे तेच त्यांनी एकमेकांना जोडलं. मग मी विचार करायला लागले की माझ्या पोरांच्या घरात काय आहे. माग आहे की!

आणि माग आणि कॉम्प्युटर यांचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जवळचं आहे. चादरीवरचा मोर, फुलं, वेलबुट्टी हे सगळं जेकार्ड नावाच्या मागावर निघतं. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या कार्डांनी चालणारा माग बनवला. भोक असलं की सुई आत जाते, हुक वर उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) धागा उठतो, भोक नसलं की धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेरी. म्हणजे भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य! इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी, हीच कार्डांची कल्पना उचलली, आणि १८४३ मध्ये अ‍ॅडा लव्हलेसनं लिहून ठेवलं की जेकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल. पुढं १८९० ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकाच्या कार्डांवरच मोजली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरनं एकजण उठून म्हणाला, "मॅडम, ती कार्डं तर आमच्या नान्नांच्या कारखान्यात हायत, मग्गमवर लटकलेली." (नान्ना म्हणजे वडील, मग्गम म्हणजे माग.) दुसऱ्या दिवशी त्यानं बाद झालेल्या कार्डांची एक माळच आणली. सगळा वर्ग त्याच्याभोवती.

मग लॅबमध्ये गेलो. नेट लागणार नाही असंच काहीतरी हवं होतं म्हणून लिबरऑफिस कॅल्क उघडलं, एक्सेलसारखंच असतं ते. १६ बाय १६ चे खाने घेतले, रुंदी-उंची सारखी करून चौकोनी केले, म्हणजे डिझाइनवाल्याचा ग्राफच झाला. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सांगितलं की खान्यात १ आला की लाल, नाहीतर पांढरा, आकड्याचा रंगही तोच म्हणजे आकडा दिसत नाही. आता खरी गंमत, मुलांनी फक्त डावीकडचा वरचा ८ बाय ८ चा कोपरा भरायचा. सोळाव्या कॉलमला लिहायचं '=ए१', म्हणजे ए१ मध्ये जे असेल तेच इथं, पंधराव्याला '=बी१', असं करत उजवा अर्धा भाग डाव्याचा आरसा, आणि मग खालचा अर्धा भाग वरच्याचा आरसा. कोपऱ्यात एक टिंब दिलं की चारही बाजूला उमटतं. सममिती मी फळ्यावर तीन तास शिकवली होती, इथं पोरं दहा मिनिटांत "मॅडम अक्ष मधनं सरकवला तर काय होईल" असं विचारायला लागली.

एका कॉम्प्युटरला तिघं-चौघं आणि बाकीची वर्गात ग्राफपेपरवर, मग आलटून पालटून. कागदवाल्यांचं नुकसान होईल वाटलं होतं पण उलट त्यांचीच डिझाइन जास्त विचार करून आलेली.

शेवटी एका खान्यात काऊंटइफ हा मोजणीचा फॉर्म्युला लावून रंगलेले, म्हणजे १ असलेले, खाने मोजायला लावले आणि एकूण २५६ पैकी किती टक्के ते काढायला सांगितलं. ९६ म्हणजे ३७.५ टक्के वगैरे. माझ्या डोक्यात एवढंच होतं, शेकडेवारीचा सराव. पण एका मुलीनं सगळ्या मशीनवरचे आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाली सगळ्यांना ४ नं भाग जातो. का जातो हे मी सांगितलं नाही. पाच-सहा मिनिटं नुसता गलका, मग एकानं सांगितलं, कोपऱ्यातल्या एका खान्याचे चार होतात ना, म्हणून.

आणि तेवढ्यात शेवटच्या मशीनवर आकडा आला ९८.

सगळे तिकडं धावले. डिझाइन बघून तर काही चूक दिसत नव्हती, पण ९८ ला ४ नं भाग जात नाही म्हणजे कुठंतरी गडबड आहे हे पोरांना पक्कं कळलं होतं. एकेक ओळ बोट ठेवून तपासली. कोणीतरी खालच्या भागात फॉर्म्युल्यावरच हातानं १ टाइप केला होता, दोन ठिकाणी. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत उत्तर चुकल्यावर वर्ग इतका खूश झालेला मी बघितला नाही. चूक त्यांनी स्वतः, आकड्यावरनं पकडली होती.

पुढच्या शनिवारी त्या कार्डवाल्या मुलाच्या वडलांना बोलावलं. रात्रपाळी करून आले होते, दारातच उभे राहिले, "मॅडम मी काय सांगणार पोरास्नी, मी चौथी" असं म्हणत होते. मी म्हटलं, दादा तुम्ही नुसती डिझाइन बघा. ते स्क्रीनजवळ गेले, एकेक नीट बघितलं आणि एका मोठ्या लाल चौकोनावर बोट ठेवलं. म्हणाले, "हे विणता येतंय पण टिकनार नाही. धागा एवढा लांब मोकळा राहिला तर बांगडीत अडकंल, तुटंल. मधी मधी बांधावा लागतो." मग त्यांनीच ग्राफपेपरवर भरीव चौकोनात टाके कसे सोडायचे ते काढून दाखवलं, आणि तासभर पोरं त्यांना प्रश्न विचारत होती, निम्मे तेलुगूत. मला सगळं समजलं नाही. त्यांचा मुलगा मला मराठीत सांगत होता.

मग वर्गानं नियम ठरवला, सलग पाचच्या वर लाल खाने नकोत. पण २५६ खाने डोळ्यानं कोण तपासणार. प्लिकर्सवाल्या त्या दोन गप्प मुलांपैकी एकानं शेजारच्या शीटवर फॉर्म्युला लिहिला, ओळीतल्या लागोपाठच्या सहा खान्यांची बेरीज करायची, ती ६ आली की तिथं पिवळा रंग. कोणी शिकवलं नव्हतं. आता तो उभ्या ओळींसाठी तेच करतोय, कारण दादांनी जाता जाता सांगितलंय की ताण्याचा धागाही असाच मोकळा राहतो.