पाचव्या मंगळवारी पिन वर आली

“मम्मी, परत तेच आलंय.”

थोरलीचा हा फोन मला सलग तीन मंगळवार सॉकरच्या मैदानावर आला. ‘तेच’ म्हणजे इलेक्ट्रिक प्रेशर कुकरच्या छोट्या पडद्यावर उमटणारा ‘बर्न’ हा शब्द. घरी परतल्यावर गरम स्लॉपी जो, म्हणजे सॉसमधला खिमा भरलेले बन सँडविच, तयार असतील या भरवशावर मी धाकट्याला घेऊन सरावाला यायची. घरी कुकर मात्र हीटर बंद करून गप्प बसलेला असायचा. आत अर्धवट खिमा, बाहेर दोन भुकेली मुलं, आणि नवऱ्याची दुसरी पाळी, म्हणजे तो रात्री अकराशिवाय यायचा नाही. तो शब्द आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. निदान दुसऱ्या कुणाचे तरी चार मंगळवार वाचावेत.

आम्ही मूळचे वसईचे, आता आयोवात राहतो. माहेरी बीफचा खिमा लहानपणापासून ताटात. आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा बॉटल मसाला, बटाट्याच्या फोडी आणि बाजूला पाव. 2015 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचं मांसही बंद झालं, त्यामुळे गावी आता जे मिळतं ते म्हशीचं. ते चिवट असतं. आई खिम्यालासुद्धा चार शिट्ट्या देते. इथला खिमा खूप मऊ, दहा मिनिटं परतला तरी शिजतो.

मग कुकर कशाला, असं मला दोन मैत्रिणींनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. बीफच्या खिम्यासाठी इथे सुरक्षित मानलं जाणारं 160 अंश फॅरनहाइट, म्हणजे 71 सेल्सियस तपमान परततानाच गाठलं जातं. पण कांदा, ढोबळी मिरची आणि सॉस खिम्यात मुरायला कढईत पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ गॅसजवळ उभं राहावं लागतं. मला सव्वापाचला बटण दाबून, वाफ धरलेली बघून पावणेसहाला मैदानावर जायचं असतं. थोरली पंधरा वर्षांची आहे, ती घरी असते. शिजलं की कुकर आपोआप ‘गरम ठेवा’वर जातो. एवढ्यासाठीच तर तो घेतला होता.

खिम्याचं सँडविच हे आयोवाचं स्वतःचं खाणं आहे. मस्कटीन गावात 1926 साली फ्रेड एंजेल नावाच्या खाटकानं ‘मेड-राइट’ हे खाण्याचं दुकान सुरू केलं, तिथे सुटा वाफवलेला खिमा बनमध्ये भरून देतात. त्यात सॉस नसतो. मोहरीची पेस्ट, लोणच्याच्या चकत्या, कांदा, आणि सांडलेला खिमा वेचायला सोबत एक चमचा. आमच्या शेजारच्या आजी अजूनही घरी तसाच करतात. स्लॉपी जो त्याचाच सॉसवाला भाऊ. 1969 मध्ये त्याचा तयार सॉस डब्यात आला आणि तो घराघरांत पोचला. माझ्या मुलांना सॉसवालाच हवा, आणि माझा अर्धा घोळ त्या सॉसमुळे झाला. 

पहिल्या मंगळवारी मी पाककृतीत होतं तसंच केलं. कुकर परतण्याच्या बटणावर ठेवून खिमा, कांदा, मिरची परतली, मग केचप, टोमॅटो पेस्ट, ब्राऊन शुगर, वूस्टर सॉस आणि एक कप ब्रॉथ, म्हणजे मांसाचं पातळ सार, घालून सगळं छान ढवळलं, झाकण लावलं आणि निघाले. वीस मिनिटांत फोन. घरी येऊन झाकण उघडलं तर बुडाला काळसर चिकट थर. दुसऱ्या मंगळवारी एक कप पाणी जास्त घातलं. तरीही ‘बर्न’. शिवाय त्या पाण्यानं खिम्याचं सूप झालं, बन हातात घेताच खालून फाटला. धाकट्यानं तो ताटलीत ठेवला आणि विचारलं, “मम्मी, मी सीरियल घेऊ?” पावणेनऊ वाजले होते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कुकरच्या कंपनीच्या मदत केंद्राला चॅटवर गाठलं. चाळीस मिनिटं वाट पाहिल्यावर जो माणूस आला त्यानं विचारलं, किमान एक कप द्रव घातला होता का? मी म्हटलं, दोन घातले. त्यानं सांगितलं, द्रव वाढवा. मी विचारलं, सेन्सर नेमका कशामुळे ‘बर्न’ दाखवतो? उत्तर आलं, अन्न तळाला लागल्यामुळे. कृपया द्रव वाढवा. मी फोटो पाठवले, कुकरचा क्रमांक दिला, खरेदीची पावती दिली. तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं आणि चॅट बंद झाला. माझं कशालाच उत्तर मिळालं नव्हतं. रिंग नीट बसली आहे का, एवढा एक प्रश्न त्या माणसानं विचारला असता तर पुढचे दोन मंगळवार वाया गेले नसते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग मीच विचार करायला बसले. कुकरच्या तळाला तपमान मोजणारा सेन्सर असतो. तळाशी पातळ पाणी असलं की ते उकळतं, फिरतं, वाफ होते आणि तळ प्रमाणाबाहेर तापत नाही. केचप घट्ट. तो खाली बसतो, फिरत नाही, आणि त्यात साखर भरपूर. बाटलीवर एका मोठ्या चमच्यात सुमारे 4 ग्रॅम साखर लिहिलेली असते. कपात असे सोळा चमचे, म्हणजे साठ ग्रॅमच्या वर साखर मी ढवळून तळाशी नेत होते, वर ब्राऊन शुगर वेगळी. शिवाय खिमा परतताना भांड्याला जी तपकिरी खरवड धरते ती मी तशीच ठेवत होते. कढईत ती सॉसमध्ये सुटून येते, इथे ती सेन्सरच्या थेट डोक्यावर करपते.

तिसऱ्या मंगळवारी खरवड सोडवली, पण अर्धवट, आणि सवयीनं केचप ढवळलाच. परत फोन.

चौथ्या मंगळवारी पाऊस होता, सराव रद्द झाला. आज हलायचंच नाही असं मी ठरवलं. खिमा परतला, अर्धा कप ब्रॉथ घातला आणि लाकडी कालथ्यानं तळ घासत राहिले. तळाचं स्टील सगळीकडे चकचकीत दिसेपर्यंत, कालथा कुठेही न अडखळता सरकेपर्यंत. उरलेला ब्रॉथ घातला. केचप आणि पेस्ट वरून नुसती ओतली, चमचा लावला नाही. झाकण लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसले.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. दाब धरला की झाकणावरची छोटी पिन वर येते, ती आली नाही. आपल्या कुकरसारखी याला शिट्टी नसते, त्यामुळे कानांना काहीच कळत नाही. कळतं ते त्या पिनेवरूनच. मी वाकून बघितलं तर ओट्यावरच्या खिडकीची काच एकाच बाजूला, कुकरच्या उजव्या अंगाला, धुरकटली होती. स्टीलचा थंड चमचा घेऊन तो झाकणाच्या कडेजवळून हळूहळू फिरवला. एका जागी चमच्यावर वाफेचे बारीक थेंब जमले. तिथून दोऱ्याइतकी वाफ सारखी बाहेर जात होती. नजरेला ती दिसतही नव्हती. त्याच वेळी पडद्यावर ‘बर्न’ आला.

या वेळी मला राग आला नाही, हायसं वाटलं. झाकण थंड करून उलटं केलं. आतली सिलिकॉनची रिंग धुऊन परत बसवताना चार बोटं रुंदीचा एक भाग तारेच्या कड्याच्या खाली न जाता वरच राहिला होता. पहिल्यांदा धुतली तेव्हापासूनच ती तशी असणार. वाफ बाहेर, म्हणजे दाब नाही. दाब नाही, म्हणून हीटर चालूच. आणि पाणी उडून जात तळ कोरडा. मी पाणी वाढवत होते, कुकर ते हवेत सोडत होता. मदत केंद्राच्या सल्ल्यानं हे कधीच सुटलं नसतं. रिंग दाबून बसवली, अर्धा कप गरम ब्रॉथ घातला, तळ पुन्हा घासला. त्या रात्री जेवण झालं, पण सुरुवातीचा अर्धा तास करपल्यामुळे कडवट लागलं.

पाचव्या मंगळवारी पाच वाजून एकवीस मिनिटांनी झाकण लावलं. पाच वाजून तीस मिनिटांनी ‘टक’ असा बारीक आवाज झाला आणि पिन वर आली. थोरलीनं माझा हात धरला होता. मी डोळे पुसले आणि धाकट्याला बूट घालायला सांगितलं.

आता जे करते ते सांगते. दोन पौंड, म्हणजे साधारण 900 ग्रॅम बीफचा खिमा. पाकिटावर 80/20, 90/10 असे आकडे असतात, त्यातला दुसरा चरबीचा टक्का. मी 90/10 घेते. 80/20 स्वस्त पडतो, पण बंद भांड्यात चरबी जाणार कुठे? तो घेतला तर परतून झाल्यावर वर आलेली चरबी पळीनं काढायची. परतताना गोळे पूर्ण फोडायचे. दाबाखाली गेलेला गोळा नंतर फुटत नाही, वडी बनते. त्यात एक मोठा कांदा, एक ढोबळी मिरची, चार पाकळ्या लसूण. मग एक कप ब्रॉथ आणि वर सांगितलं तसं तळ घासणं. एक मोठा चमचा वूस्टर सॉस. सगळ्यात वर एक कप केचप, दोन चमचे टोमॅटो पेस्ट, एक चमचा मोहरीची पेस्ट. ढवळायचं नाही. ब्राऊन शुगर घालायचीच असेल तर झाकण उघडल्यावर. माझा अर्धा चमचा बॉटल मसालाही तेव्हाच जातो, आईनं पाठवलेला.

पाच मिनिटं मोठा दाब, नंतर दहा मिनिटं तसंच ठेवायचं. घाईनं वाफ सोडली तर घट्ट सॉसचे फवारे झडपेतून उडतात, ओटा आणि हात दोन्ही भाजतात. पिन खाली गेल्याशिवाय झाकणाशी झटायचं नाही. उघडल्यावर केचप वर तरंगताना दिसेल, घाबरू नका, आता ढवळा आणि परतण्याच्या बटणावर पाच-सात मिनिटं आटवा. कालथा फिरवला की तळ क्षणभर दिसायला हवा, एवढं घट्ट. हे आटवणं वगळलं की बन फाटतो.

पाककृतींवर ‘दहा मिनिटांत’ लिहितात ते धरून चालू नका. परतायला दहा, वाफ धरायला नऊ-दहा, शिजायला पाच, थांबायला दहा, आटवायला सहा. चाळीस मिनिटं होतात. त्यातली वीस-पंचवीस तुम्ही मोकळ्या असता, हा खरा फायदा.

आईला तिच्या खिम्याचं गणित इकडे लावून हवं होतं. आपल्या गॅसवरच्या कुकरचा दाब साधारण 15 पीएसआय (दाब मोजायचं माप), इलेक्ट्रिकचा 10 ते 12. त्यामुळे चिवट मांसाला इथे वेळ थोडा जास्त द्यावा लागतो. फोनवर ती अजूनही विचारते, “पण अगं, शिट्ट्या किती?” आणि मी तिला कॅमेऱ्यात पिन दाखवते.

बीफ न खाणाऱ्यांनी टर्कीचा खिमा घ्यावा, पण 99 टक्के लीन, म्हणजे जवळजवळ बिनचरबीचा, नको, भुसा लागतो, 93 चांगला. रिंगला मसाल्याचा वास बसतो, म्हणून गोडासाठी मी दुसरी ठेवली आहे, आणि प्रत्येक धुण्यानंतर झाकण लावण्याआधी रिंगेवरून बोट गोल फिरवून बघते. बुडाला लागलेलंच असेल तर तारेच्या घासणीनं खरवडू नका. दोन कप पाणी आणि दोन चमचे बेकिंग सोडा घालून दहा मिनिटं उकळवा, थर आपोआप सुटतो. उरलेला खिमा दोन तासांच्या आत पसरट डब्यातून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस टिकतो.

बन कापून आतल्या बाजूला लोणी लावते आणि तव्यावर लाल होईपर्यंत दाबते, पावभाजीच्या पावासारखे. तो कुरकुरीत थर सॉस अडवतो. बनच्या पिशवीत आठ असतात आणि दोन पौंडात बरोबर आठ भरतात. शेजारच्या आजींसाठी एक फॉइलमध्ये गुंडाळून देते, सोबत चमचा.